पाहुण्याला आमचं गाव कुठून दाखवावं

गाव दाखवतो म्हटलं की तुम्ही आधी समुद्र मागणार. मग माडांची रांग मागाल, मग एखादं कौलारू देऊळ, मग तिन्हीसांजेला परतणारी होडी. तर यातलं आमच्या गावात काही नाही. समुद्र दोन कोसांवर, पावसाळ्यात ऐकू येतो, दिसत कधीच नाही. माड आहेत, पण परसापरसांत एकेकटे. देऊळ आहे, पण माकडांनी नाचून नाचून त्याची अर्धी कौलं खाली आणलेली. होडी बघायची तर मालवणला जा, नाहीतर देवबागला. आमच्याकडे बघण्यासारखं काय, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, डोळे मिटा आणि नाक उघडा.

मार्च लागला की काजी, म्हणजे काजू, पिकतात. बी काढून घेतली की हातात उरतो तो रसाळ बोंडू. त्या बोंडवांचं काय करायचं हे आमच्या गावाला कोणी शिकवावं लागलं नाही. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला कातळात कोरलेल्या डोणी होत्या. त्यात पायांनी बोंडू तुडवायचे, रस मडक्यांत भरायचा आणि गप्प बसायचं. चार दिवसांनी मडकं आपणहून बोलायला लागतं. मग ते भट्टीवर चढायचं. सरकारने तेव्हा दारू बंद केली होती. आमच्या गावाने फक्त दारू हा शब्द बंद केला. 'काढो' म्हणायचे. थंडी वाजली की काढो, ऊन लागलं की काढो, बायको माहेरी गेली की काढो आणि परत आली तरी काढोच.

म्हणून पाहुण्याला आमच्या गावात आणायचं तर सकाळी आणावं, हा पहिला नियम. सकाळी मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. व्हाळ गावाच्या पश्चिमेला, त्यामुळे सगळा वास समुद्राच्या वाटेला लागतो आणि गाव कसं तुळशीसारखं. दुपार कलली की खारा वारा सुटतो, उलट्या दिशेने, आणि व्हाळावरची सगळी मडकी घरोघर बोलत फिरतात. भूगोलाच्या पेपरात हा प्रश्न पाच गुणांना येतो. आमच्या घरी तो बायच्या लग्नाला आलेला.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. वय बावीस, म्हणजे त्या काळात आईची झोप उडण्याचं वय. दोन स्थळं बघून गेली होती. पहिल्याने काही कळवलंच नाही. दुसऱ्याचं कार्ड आलं, मुलगी पसंत आहे, परंतु आपल्या गावाविषयी कानावर आले ते मन घेत नाही. हे कार्ड बाबांनी इतक्या वेळा वाचलं की त्याच्या घड्या फाटल्या. बाबा शाळामास्तर. उभ्या जन्मात त्यांनी काढो चाखला नाही, उलट वर्षातून एकदा सरकारी हुकमाने ते मुलांना व्यसनाचे दुष्परिणाम सांगायचे, आणि समोर बसलेल्या निम्म्या मुलांचे पाय बोंडवांच्या चिकाने काळे झालेले असायचे.

तिसरं स्थळ मुंबईचं. मुलाला वडील नव्हते, त्याचं सगळं मामांच्या शब्दावर. हे मामा मूळचे आपल्याच बाजूचे, देवगडाकडचे, पण तीस वर्षं मुंबईच्या कचेरीत काढलेली. ते एकटेच बोटीने मालवणला उतरणार, दिवस आमच्याकडे काढणार, दुसऱ्या दिवशीच्या बोटीने परत. त्यांनी मान हलवली तर मुलगा बघायला येणार, नाहीतर आणखी एक कार्ड. आई म्हणाली, "ह्यो तिसरो. ह्यो गेलो काय मगे कोण येवचो नाय."

मी तेव्हा एस.एस.सी.चा शेवटचा पेपर टाकून मालवणहून घरी आलेला. कामधंदा नव्हता, आणि तोंड होतं. नकला हा माझा आजार. शाळेतल्या सगळ्या गुरुजींच्या झाल्या, कंडक्टरच्या झाल्या, पोस्टमनच्या झाल्या, देवळातल्या मानकरी गावकाराच्या झाल्या. माझ्या नकलांना पहिलं हसू बायचं मिळायचं. पदर तोंडात कोंबून, भिंतीकडे तोंड करून ती हसायची. आवाज म्हणून यायचा नाही.

आदल्या संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. "एक. तेंका व्हाळाकडे न्हेवचा नाय. दोन. इचारल्याबिगर बोलाचा नाय. तीन. कोणाचीय नक्कल करूची नाय. गावकाराची तर नायच नाय."

"तुमीच न्हेया तेंका," मी म्हटलं.

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "माका खोटा बोलाक येणा नाय. तुका येता."

बाबांनी केलेली ही माझी पहिली स्तुती.

मी लगेच कामाला लागलो. व्हाळावरच्या भट्टीवाल्या काकाकडे जाऊन उद्याचा दिवस मागून घेतला. काका म्हणाला, "मास्तराच्या चेडवासाठी, बायसाठी ना? मगे उद्या चूल पेटवचंय नाय. पण मडक्यांक तोंड बंद करूक सांगूक माका जमाचा नाय हां." सकाळी मामा येणार, मतलई वारा असेपर्यंत त्यांना पूर्वेच्या बाजूने देऊळ, शाळा, तळं दाखवायचं, उन्हं चढायच्या आत घरी आणून ओटीवर बसवायचं. सगळी आखणी पाठ.

आणि बोट उशिरा लागली.

कट्टा गावच्या गाडीथांब्यावर मी सकाळी आठपासून उभा. मामा उतरले ते मालवणच्या दुपारच्या गाडीतून. काळी टोपी, पांढरा कोट, हातात छत्री, आणि चेहरा कोवळ्या भेंडीच्या रंगाचा. त्यांना बोट लागली होती. मी वाकून पाया पडलो तर म्हणाले, "चिरंजीव, आधी मला कशाला तरी टेकू द्या." शुद्ध बोलणं, कचेरीतल्या कागदासारखं. देवगडाचा एक कणही जिभेवर शिल्लक नाही. तासाभराच्या वाटेत ते एवढंच म्हणाले, "उद्या पुन्हा त्याच बोटीत बसायचं आहे." ते म्हणताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी जेवण झालं. बायने चहा आणला. मामांनी तिला दोन प्रश्न विचारले. शिक्षण किती? ती म्हणाली, "सातवी." शिवणाचं मशीन चालवता येतं का? ती म्हणाली, "होय." आणि आत गेली. मामांच्या तोंडावरून काही कळेना. बाबा धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले, तो पुसून पुसून आता काच झिजेल असं मला वाटलं.

चारच्या सुमाराला मामा उठले. "चला, जरा गाव बघू या."

मी दारात येऊन आधी वर बघितलं. आंब्याची पानं पूर्वेकडे वळलेली. खारा वारा सुटला होता.

आता काय करायचं? पूर्वेला नेलं तर वास मागून येणार. पश्चिमेला नेलं तर समोर व्हाळ. मी डोकं चालवलं. वास वाऱ्याबरोबर पूर्वेला जातो, तेव्हा व्हाळाच्याही पलीकडे, पार गावाच्या शिवेवर जाऊन उभं राहिलं तर तिथे वास नाही. व्हाळ वरच्या अंगाने, दुरून ओलांडायचा. एस.एस.सी.च्या भूगोलाचा एवढा उपयोग आमच्या शाळेतून दुसऱ्या कोणी केला नसेल.

पहिल्याच दगडी गडग्यापाशी मामा थांबले. नाक वर केलं.

"हा वास कसला?"

"फणस," मी म्हटलं. "फणस कुजलेत, मामा."

"एप्रिलात?"

"म्हणजे तसे नाहीत. बोंडू. गुरांना घालतात बोंडू. गोठ्यातला वास."

"हूं," मामा म्हणाले. ही 'हूं' मी आयुष्यात विसरणार नाही. तिला पुढेही काही नव्हतं आणि मागेही काही नव्हतं.

थोडं पुढे गेलो तर वाटेत माडावर चढणारा म्हातारा बसलेला. सत्तरीचा, अंगात नुसती हाडं, पण माडावर खारीसारखा चढायचा, आणि उतरला की आधी व्हाळावर जायचा. त्या दिवशी तो कोरडा होता. मी डोळ्यांनी त्याला खुणा केल्या. त्याला वाटलं माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय. शहरातल्या माणसाला आपली भाषा कळत नाही असं धरून तो मोठ्याने म्हणाला, "मास्तराच्या झिला, ह्यो तुमचो पावणो परत कधी जाता रे? सकाळपासून आख्खी वाडी उपाशी."

"उपाशी?" मामा माझ्याकडे वळले. "का?"

"उपास आहे, मामा. गावाचा."

"आज वार कोणता?"

"मंगळवार. देवीचा उपास."

"मघाशी मला मासे वाढलेत ते?"

"पाहुण्याला चालतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. नकलाकाराला स्वतःचा आवाज असा अनोळखी लागावा, हे काही बरं लक्षण नव्हतं.

मामा चालायला लागले. म्हातारा उठून आमच्या मागे निघाला. त्याला हाकलायचं कसं? काही बोललो तर मामा विचारणार. मी पुढे, मध्ये मामा, मागे म्हातारा, आणि माझ्या डोक्यात ते घड्या फाटलेलं कार्ड. मामा छत्रीच्या टोकाने जमिनीवर टकटक करत चालले होते आणि प्रत्येक टकटकीला मला वाटायचं, हे नाही म्हणणार, हे नाही म्हणणार.

व्हाळ ओलांडला. चढ चढलो. आणि खरंच, शिवेवर वास नव्हता. स्वच्छ खारा वारा तोंडावर येत होता. मामांचा चेहरा पहिल्यांदा माणसाच्या रंगाचा झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि पुढे बघितलं.

काजऱ्याच्या झाडाखाली आमच्या शिवेचा राखणदार. मूर्ती नाही, शेंदूर नाही, उभा पाषाण. गावाची राखण तो करतो. आणि त्याच्या पुढ्यात सुकलेल्या केळीच्या पानावर दोन विड्या, एक अंडं, आणि काठोकाठ भरलेली बाटली.

आमच्या गावाची रीतच ती. हंगामातली पहिली धार राखणदाराची. ती त्याला पोचल्याशिवाय कोणी थेंब तोंडात घालायचा नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. लहानपणापासून बघत आलो होतो. पण मी सगळी आखणी नाकाने केली होती. वासापासून पळता पळता मी मामांना गावातल्या उघड्यावरच्या एकमेव बाटलीसमोर आणून उभं केलं होतं.

मामा बाटलीकडे बघत राहिले. वाकले. गवताचं बूच लावलेलं होतं, ते जवळून बघितलं. मग ताठ उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. आता विचारणार. आणि आता माझ्याकडे फणस नव्हता, गोठा नव्हता, मंगळवार नव्हता.

घाबरलो की माझं तोंड माझं राहत नाही. दुसऱ्याचं होतं. मी डोळे मिटले, हात जोडले, आणि माझ्या गळ्यातून आमच्या म्हाताऱ्या गावकाराचा खर्जातला, जरा नाकातला, प्रत्येक ओळीच्या शेवटी दम लागणारा आवाज बाहेर पडला. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. तो सांगतो, जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि ते म्हटलं की सगळ्यांनी मिळून मागितलं आणि सगळ्यांनी मिळून कबूल केलं असं होतं.

"बा देवा म्हाराजा... ह्या शिवेच्या, ह्या बारा वाटांच्या राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मागून आलं. म्हाताराच असणार, मी डोळे उघडले नाहीत.

"आज तुझ्या शिवेत पावणो इलो हा. दर्यातसून इलो, पोटात होता नव्हता ता दर्याक देवन इलो. तेका उद्या सुखरूप परत धाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." या वेळी जरा जोरात.

"तेका ह्या गावाबद्दल कोणी काय वायट सांगला आसात, तर ता तेच्या कानातसून भायर काढ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबायला हवं होतं. पण गावकार कधी तीनवर थांबत नाही, आणि मी त्या घटकेला गावकार होतो.

"आणि ज्या कामाक तो इलो हा, ता आमच्या मास्तराच्या चेडवाचा काम आजच्या आज गोड करून दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

तो आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. मी डोळे उघडले. मामा टोपी काखेत मारून, छत्री खाली टाकून, हात जोडून उभे होते. डोळे घट्ट मिटलेले. तीस वर्षांची कचेरी कुठल्या कुठे गेली होती. म्हातारा त्यांच्या बाजूला उभा राहून बोळक्या तोंडाने हसत होता.

मग मामांनी डोळे उघडले. आपण काय म्हणून गेलो ते त्यांना कळत गेलं, आणि ते कळताना मी बघत होतो. आधी कान तांबडे झाले. मग त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"व्हय म्हटल्यान," म्हातारा म्हणाला. "माझ्यासमोर म्हटल्यान. मी सांगतंय जावन मास्तराक." आणि तो माडावर चढतो त्याच वेगाने उतारावरून गेला.

परतीची वाट मला आठवते ती नुसती छत्रीच्या टकटकीची. मला एकच दिसत होतं. देवासमोर फसवून घेतलेला होकार. मामा घरी जाऊन बाबांना म्हणणार, तुमच्या मुलाने माझी थट्टा केली. म्हणजे आता कार्डसुद्धा येणार नाही. गावाच्या वासामुळे दोन स्थळं गेली, तिसरं माझ्या तोंडामुळे.

व्हाळ ओलांडल्यावर मामांनी विचारलं, "तो आवाज कोणाचा?"

"गावकारांचा."

"असाच आहे?"

"याहून जरा घोगरा."

"वडिलांनी शिकवलं?"

"वडिलांनी बंदी केली होती."

"हूं." पुन्हा तीच. मग बऱ्याच वेळाने, "बाटली किती दिवसांची?"

आता खोटं सुचेना. "शिमग्यानंतरची. महिना झाला असेल."

"महिना," मामा म्हणाले. "बूच तसंच आहे. कोळ्याने जाळं केलंय बुचावर."

घरी पोचलो तर म्हातारा आमच्या आधी पोचून सगळं सांगून गेलेला. आई तुळशीपाशी खांबाला धरून उभी. बाबा ओटीवरून खाली उतरले, चष्म्याशिवाय, आणि मामांसमोर हात जोडले. "मुलगा अजाण आहे. त्याला गाऱ्हाण्याचा अधिकार नाही. त्याने घातलेलं ते गाऱ्हाणं नव्हेच. आपण मनावर घेऊ नये."

मामा ओटीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "मास्तर, गाऱ्हाणं खोटं असेल. माझं 'व्हय' खोटं नव्हतं. उद्या मला त्या बोटीत बसायचं आहे. राखणदाराला व्हय म्हणून मालवणच्या धक्क्यावर नाही म्हणायला मी काही खुळो नाय." शेवटचे दोन शब्द निसटले तसे ते जरा हसले. "आणि तुमच्या गावाबद्दल मी मुंबईत पुष्कळ ऐकलं. पण आमच्या वाडीत राखणदाराची बाटली दुसरा दिवस बघत नसे. इथे महिनाभर कोणी बुचाला हात लावला नाही. मुलगा पुढच्या महिन्यात येईल. दोघांनी एकमेकांना बघावं."

आई आत गेली ती रडायला की चहा टाकायला, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

मला वाटलं, सुटलो. पण मामा परसात हातपाय धुवायला गेले आणि बाबांनी मला माजघरात बोलावलं. रागावले की बाबा शुद्ध बोलायचे. "आपणांस तीन सूचना दिल्या होत्या. त्यांपैकी आपण किती पाळल्या?" मी हिशेब केला. एकही नाही. "यश आले म्हणून अपराध धुऊन निघत नाही. उद्या सकाळी गावकारांच्या दारात जाऊन त्यांच्या पायांवर डोके ठेवायचे. आणि तेथे स्वतःच्या आवाजात बोलायचे."

आईने नारळ बाजूला काढून ठेवत दुसरी फैर झाडली. "शिरा पडो तुझ्या तोंडार. राखणदाराकडे भयणीचा लगीन मागतंस, आणि ता पण दुसऱ्याच्या आवाजात? तेना काय समजाचा, कोणी मागल्यान ता?"

हे सगळं मी खाली मान घालून ऐकलं. बोलणी खायची मला सवय होती. मग चुलीजवळ गेलो. बाय भाकऱ्या थापत होती. मला वाटलं, ही तरी भिंतीकडे तोंड करून हसेल. मी हळूच मामांचं "व्हय म्हाराजा" काढून दाखवलं. हुबेहूब.

ती हसली नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पावण्याचो आवाज बरो काढलंस. गावकाराचो काढलंस. बाबांचो तर तू पाळण्यात असल्यापासून काढतंस. आतां माझो काढ."

"तुझो?"

"व्हय. राखणदारासमोर उभ्या रवान माझा लगीन मागलंस ना? मगे मी काय म्हटलंय असतंय, ता म्हणान दाखय."

मी तोंड उघडलं. सातवी, होय, एवढं आलं ओठांवर, आणि पुढे काहीच नाही. इतकी वर्षं एका घरात राहून तिचा आवाज मी कधी ऐकून ठेवलाच नव्हता.

बायने भाकरी उलटली. "येणा नाय ना? मगे तोंड मिट. मुलगो येतलो तेव्हा तेका काय सांगाचा ता माझा मी सांगान. तू थंयसर उभो जरी दिसलंस, तरी ह्या उलथण्यान तुझो घसो फोडीन. जा, पाट मांड. पावणो जेवक येतलो."